व्हेनियर करायचंय? आधी विचारा, "डॉक्टर, दात किती तासणार?"

लग्नसराई जवळ आली की आमच्या क्लिनिकमध्ये एक भेट हमखास होते. आई आणि मुलगी जोडीने येतात. मुलीच्या हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये कुठल्या तरी अभिनेत्रीचा हसरा फोटो.

यंदाही तशीच एक जोडी आली. मुलगी सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी. लग्नाला तीन आठवडे उरलेले.

"डॉक्टर, मला वरच्या दहा दातांना व्हेनियर्स करायची आहेत," ती म्हणाली.

मी दात तपासले. एकही कीड नाही. हिरड्या ठीक. समोरच्या एका दाताचा कोपरा किंचित तुटलेला, शेजारचा दात जरासा वळलेला आणि चहाने आलेला थोडा पिवळेपणा. बास, एवढंच.

"तुझे दात चांगले आहेत गं," मी म्हणाले. "दहा कशाला?"

त्यावर आई म्हणाल्या, "डॉक्टर, खर्चाचं काही नाही. लग्न एकदाच होतं."

लग्न एकदाच होतं हे खरं. पण व्हेनियर एकदाच होत नाही. या लेखात मला तेच सांगायचं आहे. व्हेनियर ही वाईट ट्रीटमेंट नाही. योग्य दातावर केली तर फार सुंदर आहे, आणि मी स्वतः ती करते. पण निरोगी दात तासून, घाईघाईत, फोटोसाठी व्हेनियर्स बसवायला माझा विरोध आहे. तो का, ते समजलं की निर्णय तुम्ही स्वतःच नीट घेऊ शकाल.

व्हेनियर म्हणजे नेमकं काय?

व्हेनियर म्हणजे दाताच्या पुढच्या, दिसणाऱ्या बाजूवर चिकटवलेला पातळ पापुद्रा. नखावर कृत्रिम नख लावतात, साधारण तशी कल्पना करा. त्याची जाडी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तुमच्या पाकिटातलं एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, म्हणजे व्हेनियर त्याहूनही पातळ.

याचे मुख्य प्रकार दोन. पहिला कॉम्पोझिट. आपण दातात पांढरं सिमेंट भरतो, त्याच जातीचं हे मटेरियल. डॉक्टर ते थेट तोंडातच थरांनी लावतात आणि निळ्या लाइटने कडक करतात. बऱ्याचदा एकाच बैठकीत काम होतं, दात फार कमी किंवा अजिबात तासावा लागत नाही आणि तुकडा उडाला तर दुरुस्त करता येतो. पण त्यावर डाग लवकर धरतात आणि चकाकी लवकर कमी होते.

दुसरा प्रकार पोर्सिलेन किंवा सिरॅमिक. हे लॅबमध्ये बनवून आणतात. चकाकी खऱ्या दातासारखी, डाग जवळजवळ धरत नाहीत आणि जास्त वर्षं टिकतं. पण खर्च बराच जास्त, एका दाताला पाच आकडी रक्कम सहज लागते. शिवाय यासाठी बहुतेक वेळा दात थोडा तासावा लागतो. सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

या ट्रीटमेंटचा इतिहास गमतीचा आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडमधले दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी नटनट्यांसाठी असे पापुद्रे बनवले. पण ते शूटिंगपुरते चिकटवायचे आणि नंतर काढून ठेवायचे. दातावर कायमचं चिकटवण्याचं तंत्र तेव्हा नव्हतंच. १९५५ साली मायकेल ब्यूनोकोर यांनी दाखवलं, की सौम्य ॲसिडने इनॅमल खरखरीत केलं की त्यावर रेझिन घट्ट धरतं. त्या शोधावर पुढे काम होत होत १९८०च्या दशकात आजची चिकटवलेली पोर्सिलेन व्हेनियर्स आली. म्हणजे पहिली व्हेनियर्स रात्री काढून ठेवता येत होती. आजची येत नाहीत. हा फरक जाहिरातीत कुणी सांगत नाही.

गेलेलं इनॅमल परत येत नाही

हाड मोडलं तर जुळतं. कातडी कापली तर भरून येते. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, मात्र एकदा गेलं की गेलं. कारण इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नाहीशा होतात. नंतर ते बनवणारं शरीरात कुणी उरत नाही.

आणि हे कवच मुळातच पातळ असतं. समोरच्या दाताच्या टोकाकडे साधारण एक मिलिमीटर, तर हिरडीजवळ पाव ते अर्धा मिलिमीटर. तासताना हात जरा जड पडला की खालचं डेंटिन उघडं पडतं. डेंटिन थंड-गरमाला संवेदनशील असतं आणि व्हेनियर त्यावर इनॅमलइतकं घट्ट चिकटत नाही. म्हणून तासणं इनॅमलच्या आतच राहिलं पाहिजे. चांगल्या आणि वाईट व्हेनियरमधला मोठा फरक इथेच पडतो, रंगात नव्हे.

आता वर्षांचा हिशोब करू. चांगल्या अभ्यासांमध्ये नीट केलेल्या पोर्सिलेन व्हेनियर्सपैकी दहा वर्षांनंतर दहातली नऊहून जास्त टिकलेली दिसतात. हा उत्तमच आकडा आहे. पण सव्वीस वर्षांच्या मुलीला अजून पन्नास वर्षं ते दात वापरायचे आहेत. एक व्हेनियर पंधरा वर्षं टिकलं असं धरलं, तरी एक्केचाळीस, छप्पन्न आणि एकाहत्तराव्या वर्षी, म्हणजे आयुष्यात तीनदा ते बदलावं लागेल. दहा दात असतील तर तीस वेळा. प्रत्येक वेळी खर्च, आणि जुनं काढताना प्रत्येक वेळी खालचा दात आणखी थोडा जाण्याची शक्यता.

"मग न तासता बसवतात ना?" असं बरेच जण विचारतात. हो, बसवतात. दात मुळात लहान असतील किंवा मध्ये फटी असतील तर ते उत्तम दिसतं. पण नेहमीच्या आकाराच्या दातावर नुसता थर वाढवला की दात पुढे आल्यासारखे, जाड दिसतात. हिरडीजवळ कडा राहिली तर तिथे अन्न साचतं आणि हिरडी सुजते. आणि तेही एकदा चिकटवलं की मशीननेच उतरवावं लागतं.

व्हेनियरच्या नावाखाली कॅप

अलीकडे एक तरुण माझ्याकडे ठणकणारे दात घेऊन आला. परदेशी फिरायला गेला असताना स्वस्तात "वीस व्हेनियर्स" करून आला होता. एक्स-रे काढला तर एकही व्हेनियर नव्हतं, सगळ्या कॅप होत्या. निरोगी दात चारी बाजूंनी तासून खुंट केलेले. त्यातल्या दोन दातांच्या नसा खराब झाल्या होत्या. मला रूट कॅनॉल करावं लागलं. वय एकोणतीस.

हा फरक नीट समजून घ्या. व्हेनियरसाठी दात फक्त पुढून आणि थोडा टोकाला तासतात. कॅपसाठी तो चहूबाजूंनी तासतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात दिसलं, की व्हेनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ३ ते ३० टक्के भाग जातो, तर पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. किडलेल्या, तुटलेल्या किंवा रूट कॅनॉल केलेल्या दाताला कॅप लागते, तेव्हा ती जरूर घालावी. पण धडधाकट दाताला फक्त पांढरा दिसावा म्हणून कॅप घालणं मला पटत नाही. कोणी "एका दिवसात हॉलिवूड स्माइल" देत असेल, तर व्हेनियर की कॅप हे लेखी विचारा.

मग व्हेनियर कुणासाठी?

काही वर्षांपूर्वी यवतमाळकडच्या एक शिक्षिका आल्या होत्या. लहानपणी बोअरचं पाणी प्यायलेलं. त्या भागात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि दात तयार होण्याच्या वयात ते पोटात गेलं की दातांवर कायमचे डाग पडतात. यांच्या समोरच्या दातांवर गडद तपकिरी पट्टे होते. वर्गात बोलताना हात तोंडापुढे. हसायचं झालं तर पदर.

आम्ही आधी ब्लीचिंग केलं, वरचा थर हलकेच पॉलिश करून पाहिला. डाग फिके झाले, गेले नाहीत. मग सहा दातांना व्हेनियर्स केली. शेवटच्या दिवशी मी आरसा दिला तेव्हा त्या हसल्या आणि सवयीने हात वर आला. अर्ध्यात थांबला. खाली गेला.

व्हेनियर यासाठी आहे. फ्लोरोसिसचे किंवा लहानपणीच्या टेट्रासायक्लिन औषधाचे खोल डाग, अपघातात तुटलेले कोपरे, जन्मतः लहान किंवा टोकदार दात, न भरता येणाऱ्या फटी. इथे साधे उपाय पुरत नाहीत आणि दाताचा थोडा थर देऊन माणसाला मोठा दिलासा मिळतो.

ज्यांनी थांबावं असेही बरेच आहेत. हिरड्यांतून रक्त येत असेल, कीड असेल, तर आधी ते बरं करा. झोपेत दात करकरा खायची सवय असेल तर व्हेनियर तुटण्याची शक्यता खूप वाढते. अठराच्या आतल्या मुलांचे दात आणि हिरड्या अजून बदलत असतात, त्यांना घाई करू नये. मिश्री, तंबाखू, गुटखा चालू ठेवून व्हेनियर करणं तर मला मान्यच नाही. तिथे आधी दात नाही, तोंडाचा कॅन्सर टाळायचा असतो.

आणि नुसता पिवळेपणा असेल तर क्लीनिंग आणि ब्लीचिंग. दात वाकडे असतील तर ब्रेसेस किंवा अलाइनर. एखादा कोपरा उडाला असेल तर कॉम्पोझिट. या तिन्हींत तुमचा दात जवळजवळ आहे तसाच राहतो.

प्रत्यक्षात काय काय होतं?

पोर्सिलेन व्हेनियर्सला साधारण तीन-चार बैठका आणि दोन ते चार आठवडे लागतात.

पहिल्या भेटीत तपासणी, एक्स-रे, फोटो आणि दातांचं माप किंवा स्कॅन. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ब्लीचिंग याच टप्प्यावर, कारण व्हेनियरचा रंग नंतर ब्लीचिंगने बदलत नाही. ब्लीचिंगनंतर साधारण दोन आठवडे थांबतात, कारण लगेच चिकटवलं तर पकड कमी मिळते.

मग येते ट्रायल, म्हणजे मॉक-अप. नवीन दातांचा आकार तात्पुरत्या मटेरियलने तुमच्याच दातांवर, काहीही न तासता, लावून दाखवतात. या टप्प्याला नाही म्हणू नका. आरशात बघा, बोलून बघा, व्हिडिओ काढा, घरच्यांना दाखवा. आवडलं नाही तर इथून परत फिरता येतं. पुढच्या टप्प्यानंतर नाही.

तासायच्या दिवशी गरज असेल तर बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, त्यामुळे दुखत नाही. माप लॅबला जातं आणि तोपर्यंत तात्पुरती व्हेनियर्स लावतात. ती नाजूक असतात. त्या दिवसांत समोरच्या दातांनी काही तोडू नका. थंड पाण्याने थोडी कळ येणं नेहमीचं आहे.

शेवटच्या भेटीत व्हेनियर्स आधी नुसती लावून बघतात. रंग, लांबी, ठेवण, सगळं. पसंत असेल तरच पक्की चिकटवतात. चिकटवल्यावर रंग आवडला नाही तर पोर्सिलेन फोडून काढावं लागतं, म्हणून इथे भीड ठेवू नका. मग चावताना दात कुठे जास्त लागतात का ते बघतात आणि आठवड्याभराने पुन्हा तपासणीला बोलावतात.

पहिले काही दिवस हिरडी हुळहुळते, दात परके वाटतात, "स" आणि "फ" म्हणताना जीभ अडखळते. हे ओसरतं. ठणका लागला, चावताना दुखलं किंवा हिरडी सुजलेलीच राहिली तर मात्र वाट न बघता दाखवा.

माझी एक चूक

हे सगळं मी आज सांगते, पण प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही घाई केली आहे. एक नवरदेव, लग्नाला दहा दिवस. समोरचे चार दात. मॉक-अपला वेळ नाही म्हणून तो टप्पा गाळला. रंग ट्यूबलाइटच्या उजेडात निवडला. त्याला सगळ्यात पांढरा हवा होता आणि मी नाही म्हटलं नाही.

लग्नानंतर तो आला. म्हणाला, "डॉक्टर, आजी विचारते, हे दात कुणाचे आणलेस?" दिवसाच्या उजेडात ते चार दात भिंतीला चुना लावल्यासारखे दिसत होते. शेजारचे आणि खालचे दात उगाचच पिवळे वाटत होते. मी ती व्हेनियर्स माझ्या खर्चाने बदलून दिली. पण बदलताना त्याच्या दाताचा आणखी थोडा थर गेला, तो मला परत देता आला नाही.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. मॉक-अपशिवाय मशीन हातात घ्यायचं नाही, आणि रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ ठरवायचा.

बसवल्यानंतर

व्हेनियरला कीड लागत नाही, पण त्याच्या कडेला असलेल्या तुमच्या दाताला लागते. म्हणून दिवसातून दोनदा मऊ ब्रश, फ्लॉस आणि सहा महिन्यांनी तपासणी. रात्री दात खायची सवय असेल तर नाइट गार्ड रोज लावा.

समोरच्या दातांनी ऊस सोलणं, चिक्की किंवा कडक पेरू तोडणं, सुपारी फोडणं, मटणाचं हाड कुरतडणं बंद. शिवताना दोरा दाताने तोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, नखं खाणं, हेही बंद. पेरू खायला हरकत नाही, फोडी करून खा. बाकी पोळी-भाजी, चहा, आमटी सगळं नेहमीसारखं.

हो म्हणण्याआधी हे प्रश्न विचारा

१. माझ्या दातांना यापेक्षा साधा उपाय आहे का?
२. हे व्हेनियर आहे की कॅप? कॉम्पोझिट की सिरॅमिक?
३. दात किती तासणार? तासणं इनॅमलच्या आत राहील का?
४. तासण्याआधी मॉक-अप दाखवणार का?
५. इतकेच दात का? कमी दातांत काम होईल का?
६. तुटलं किंवा निघालं तर काय कराल आणि खर्च कोण करेल?
७. अशा तुमच्या जुन्या पेशंटचे काही वर्षांनंतरचे फोटो आहेत का?

आणि ट्रीटमेंट करणारी व्यक्ती राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असलेली डेंटिस्ट आहे ना, हे बघा. पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मागवलेल्या किटने दातांवर काहीही चिकटवून घेऊ नका. हे प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सुरुवातीच्या त्या मुलीचं काय झालं? क्लीनिंग केलं, ब्लीचिंग केलं, दोन आठवडे थांबून तुटलेला कोपरा कॉम्पोझिटने भरला. वळलेला दात तसाच ठेवला, नंतर वाटलं तर अलाइनर आहेतच. सुरुवातीला ती जरा हिरमुसली होती, ते मी बघितलं. सगळे पेशंट ऐकतातच असं नाही, काही जण माझ्याकडून उठून दुसरीकडे जातात. तो त्यांचा हक्क आहे.

तिने लग्नाचे फोटो पाठवले. वळलेला दात दिसतो. शोधला तर. दहाही दात तिचेच आहेत, आणि पुढे कधी खरंच गरज पडली तर व्हेनियर तेव्हाही करता येईल. आज थांबलात तर उद्याचा पर्याय शिल्लक राहतो. आज तासलात तर तो उरत नाही. माझं मत एवढंच आहे.